कोन्या रस्त्यानं आलात?

नानांच्या घरी कुणीही गेलं की पाण्याच्या तांब्याआधी प्रश्न यायचा, "कोन्या रस्त्यानं आलात?"

जावई येवो, विम्याचा माणूस येवो, पत्रिका द्यायला आलेला लांबचा पाहुणा येवो, प्रश्न तोच. "तेलगावकडून, घाटानं आलो," असं कुणी म्हटलं की पुढची फैर झडायची. "घाटात खोदायलेत का? पिवळी मशीन दिसली का? दरीच्या अंगाला का डोंगराच्या?" पाहुणा गोंधळायचा. पत्रिका तशीच हातात. मग आतून काकूंचा आवाज यायचा, "आवं, आदी बसू तर द्या मानसाला. उभ्यानंच पंचनामा कावून करायलेत?"

भानुदासनाना म्हणजे आमच्या धारूरला इंटरनेट पुरवणारा माणूस. आधी ते टीव्हीची केबल द्यायचे. तो धंदा बसला, छपरावरची मोठी तबकडी उताणी झाली, आणि तिच्यात काकू सांडगे वाळत घालू लागल्या. नाना इंटरनेटकडे वळले. मोठ्या कंपन्यांकडून घाऊक घ्यायचं आणि गावात घरोघर, दुकानोदुकानी वाटायचं. ते घाऊक इंटरनेट दोन बाजूंनी यायचं, दोन वेगळ्या कंपन्यांचं. एक तार तेलगावकडून घाट चढून, दुसरी केजकडून. गावाची सगळी वर्दळ या दोन तारांवर कशी वाटायची, कुठली भरली, कुठली मोकळी आहे, एक तुटली तर तिच्यावरची माणसं दुसरीवर कशी न्यायची, हे सगळं ते स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत बसून बघायचे. खोलीत एक पंखा होता. तो माणसांसाठी नव्हता, यंत्रांसाठी होता. मे महिन्यात नाना घामाघूम आणि यंत्रं गार वाऱ्यात.

आता माझ्याबद्दल सरळ सांगते. मी ऊसतोड कामगारांची मुलगी. दिवाळीनंतर आईबाप कारखान्याकडे गेले की मी हंगामी वसतिगृहात राहून शिकले. आता त्याच मुलांसाठी संघटनेत काम करते, पत्रकं लिहिते, मोर्चे काढते. गोड बोलणं मला जमत नाही. जिथं दरवर्षी गावंच्या गावं कोयता घेऊन परमुलखात जातात आणि मागे चौकात विकासाच्या फ्लेक्सवर पुढाऱ्यांचे दात चमकत राहतात, तिथं गोड बोलावं असं मला वाटतही नाही.

नानांकडे पहिल्यांदा गेले ती भांडायलाच. वसतिगृहातली मुलं संध्याकाळी फडावरच्या आईबापांशी व्हिडिओवर बोलतात. दिवसभरात तेवढंच. आणि नेमकं त्या वेळी पडद्यावरची आई गोठायची. तोंड उघडं, हात वर, आवाज तुटक. लहान पोरं घाबरायची. एका पोरीनं तर आईला काहीतरी झालं म्हणून भोकाड पसरलं. मी तडक नानांच्या दारात उभी राहिले. म्हटलं, "पुढारीसाहेबांच्या बंगल्याला चांगली लाइन आणि गरिबाच्या पोरांना उरलीसुरली! याचा जाब द्यावा लागेल."

नाना चहा बशीत ओतत होते. "कोन्या रस्त्यानं आलीस?"

"चालत आले. गावातूनच!"

"मंग बस. पत्रकं वाटती ती तूच का? तुज्या पत्रकात उद्गारचिन्हं लई असत्यात बग. जरासिक काटकसर कर."

मला त्या खोलीत नेऊन त्यांनी पडदा दाखवला. दोन पट्टे होते, एक रुंद, एक अरुंद. "ही घाटाची, ही केजची. साहेबाचा बंगला आन तुमचं वसतिगृह दोनी एकाच घाटाच्या तारंवर हायेत. भेदभाव काई न्हाई, तीच तर बोंब हाय. संध्याकाळी समदं गाव शिनेमा बगतंय, साहेबाचं पोरगं गोळीबाराचा खेळ खेळतंय, आन त्याच गर्दीत तुमची माय अडकती." मग टकटक करत त्यांनी काहीतरी फिरवलं. "बोलनं हलकं असतंय, पन त्याला थांबवता येत न्हाई. शिनेमा जड असतोय, पन त्याला वाटंत जरा थांबवला तर मरत न्हाई. आता शिनेमा घाटानं जाईल, बोलनं केजनं."

दुसऱ्या संध्याकाळी आया गोठल्या नाहीत. मी आभार मानायला गेले. तोवर मला वाटलं होतं, हा माणूस चार लोकांत सांगेल, फोटो काढेल. नानांनी एवढंच विचारलं, "पोरायला काई कळलं का?"

"काय कळायचं? नेहमीसारखी बोलली."

"मंग झालं. लोकायला काईच कळलं न्हाई, म्हंजी काम झालं."

मी त्यावरही चिडले होते. लोकांना कळावं म्हणून घसा फोडणं हा माझा धंदा, आणि हा गृहस्थ लोकांना कळू नये यात समाधानी! "नाना, अशानंच राज्यकर्त्यांचं फावतं," मी म्हटलं. ते म्हणाले, "फावू दे. तू हाईस की त्यांच्या मागं. मी तारंच्या मागं."

मोर्चाला ते कधीच आले नाहीत. कितीदा बोलावलं. "मी तिकडं आलो आन इकडं तार गेली तर तुज्या मोर्चाचं थेट प्रक्षेपन कोन दाखवंल?" हे उत्तर मला पटलं नव्हतं, आजही पटत नाही. रस्त्यावर उतरल्याशिवाय काही बदलत नाही, यावर मी ठाम आहे. नानांवर लिहिते आहे म्हणून त्यांची प्रत्येक गोष्ट बरोबर होती असं म्हणणार नाही. तसं म्हटलेलं त्यांनाही आवडलं नसतं.

ही विद्या ते चुकत चुकत शिकले होते, आणि चुका लपवत नव्हते. उलट रंगवून सांगायचे. दोन तारा पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी वाटणी केली पंगतीसारखी, एक घास हिला, एक घास तिला. एकाच घरातून निघालेल्या मागण्या कधी एका तारेनं, कधी दुसरीनं. झालं असं की सेतू केंद्रात फॉर्म भरणारा माणूस अर्ध्यात बाहेर फेकला जाऊ लागला. बँकेचं पान तर क्षणात बंद व्हायचं. केंद्रावर रांगेतली माणसं बेजार. "बँकेचं काय चुकलं बे?" नाना तारा ओढणाऱ्या गड्याला म्हणाले होते. "एकच मानूस एक पाय म्होरल्या दारातून आन एक पाय मागल्या दारातून आत घालाय लागला, तर ती चोरच म्हननार की!" तेव्हापासून त्यांचा नियम ठरला. एका कामाची गाडी एकदा ज्या रस्त्याला लागली, ती ते काम पुरं होईपर्यंत त्याच रस्त्यानं.

पण त्यांच्या आयुष्यातली मोठी चूक खोलीच्या दारावर खिळ्याला टांगलेली होती. दोन नळ्यांचे तुटके तुकडे, एक भगवा, एक निळा, सुतळीनं एकत्र बांधलेले. केजची लाइन घेण्याआधीही नानांकडे दोन कंपन्यांच्या दोन लाइनी होत्या. एक गेली तर दुसरी आहे, म्हणून नाना निर्धास्त. आणि बारावीच्या निकालादिवशी दोन्ही एकदम गेल्या. अख्खं गाव आंधळं. पोरं दारात, पोरांचे बाप दारात. नाना मोटारसायकल काढून घाटात गेले, तर रस्ता रुंद करणाऱ्या मशीनच्या फावड्यात भगवी नळी आणि निळी नळी, दोन्ही शेजारी शेजारी. दोन कंपन्या, दोन बिलं, दोन रंग, आणि चर एकच!

"तितं बसून मी हसत हुतो," नाना सांगायचे. "मशीनवाल्याला वाटलं म्हातारं खुळं झालं. आरं, मी दोन बैल घेतलेत म्हनून गावभर मिरवायलोय, आन दोनी एकाच खुट्याला!"

त्या दिवसापासून तो प्रश्न आला. कोन्या रस्त्यानं आलात? माणसांनाही आणि तारांनाही. कंपनीच्या कागदावर ते विश्वास ठेवत नसत. नवी लाइन घ्यायची तर मोटारसायकलवर बसून तिच्या कडेकडेनं जायचं, खांब बघायचे, चर बघायचे, टपरीवाल्यांना विचारायचं, मगच हो म्हणायचं. केजची लाइन त्यांनी, घाटातली एक सोडून, अशीच माग काढत काढत आणली. ती हळू होती, महाग पडायची. पण तिची वाट वेगळी होती.

आता त्या सुनावणीचं सांगते, कारण तिच्यासाठीच हे लिहायला घेतलं.

गेल्या हंगामात आमचं वसतिगृह बंद करण्याचा घाट घातला गेला. कारण काय, तर म्हणे "पालकांची मागणी नाही." मागणी करणारे पालक तीन जिल्हे ओलांडून उसाच्या फडात वाकलेले, त्यांनी मागणी करायची कशी? वसतिगृह बंद म्हणजे पोरं आईबापांबरोबर फडाजवळच्या झोपडीत, कोपीवर. कोपीवर म्हणजे शाळा संपली, आणि थोड्या दिवसांत हातात कोयता. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. माझ्याबरोबरच्या कितीतरी मुली तशाच गेल्या. आम्ही धरणं धरलं, पत्रकं काढली, आणि शेवटी वरून नेमलेले अधिकारी तयार झाले. आया फडावरून व्हिडिओवर बोलतील, अधिकारी तालुक्याच्या कचेरीत बसून ऐकतील. एकच दिवस. जी आई पडद्यावर येणार नाही, तिच्या नावापुढे "गैरहजर".

त्याच सुमारास एका नव्या कंपनीचा टाय लावलेला माणूस नानांकडे आला. लाइन भलीमोठी, दर कमी. अट एकच, बाकीच्या सोडा, सगळं गाव आमच्यावर टाका. कचेरीनं त्यांची लाइन घेतलीही होती. दारावर पाटी झळकत होती, "अखंड इंटरनेट". मी नानांच्या मागे लागले, घ्या म्हणून. सुनावणीला मोठी लाइन मिळाली तर आणखी काय पाहिजे?

नानांनी त्याला विचारलं, "तुमची तार कोन्या रस्त्यानं येती?"

"काका, आमचं सगळं क्लाउडवर आहे."

"आसं? ढगातून येती? मंग आमच्या घाटात नळी कावून पुरलीय तुमी?"

तो माणूस हसला. नाना हसले नाहीत. मला म्हणाले, "पुढारीनबाई, बसा गाडीवर." घाटाच्या वळणावर गाडी थांबवून त्यांनी बोट दाखवलं. ताज्या बुजवलेल्या चरातून नव्या कंपनीची हिरवी नळी वर आली होती आणि नानांच्या जुन्या नळीला खेटून पुढं गेली होती. पलीकडे पिवळी मशीन उभी होती.

"ही लाइन लई मोठी हाय, खरंय," ते म्हणाले. "पन मोठी तार तुटली की मोठा अंधार पडतोय."

मग त्यांनी सुनावणीचा बंदोबस्त केला. एक, कचेरीच्या सभागृहात नानांची स्वतःची एक तार जाईल. कारकून म्हणाला गरज नाही. ती परवानगी मी भांडून आणली, ते माझं काम. दोन, सुनावणी सुरुवातीपासून केजच्या लाइनवर चालवायची नाही. केजची जवळजवळ मोकळी ठेवायची, हाताशी, आणि सुनावणी घाटानं. मी म्हटलं, "का? घाट धोक्याचा ना?"

"धोक्याचा हाय म्हनूनच. घाट गेला की समदं गाव केजवर कोसळंल. त्या गर्दीत सुनावनी आदीच बसलेली आसली तर चेंगरंल. मोकळ्या रस्त्यावर आदी तिला नेतो, मंग बाकीच्यायला सोडतो."

तिसरी गोष्ट त्यांनी बजावून सांगितली, आणि तिनंच वाचवलं. "तार बदलताना बोलनं येकदा तुटनार. ते मला चुकवता येत न्हाई. कंपनी म्हनती कदी तुटनार न्हाई. मी म्हनतो तुटंल, आन परत जुळंल. तवा सुनावनीच्या साहेबाकडून आदीच कबूल करून घे. बाई दिसंनाशी झाली तर थांबायचं, लगेच गैरहजर लिवायचं न्हाई."

मी ते अधिकाऱ्यांकडून सगळ्यांसमोर वदवून घेतलं. कारकुनाच्या कपाळावर आठ्या होत्या. असू देत.

सुनावणीच्या दिवशी आया एकेक करून पडद्यावर येत होत्या. कुणाच्या मागे बैल, कुणाच्या मागे पाचट. आमच्या शेजारच्या वस्तीवरची गयाबाई रेंज मिळावी म्हणून उसानं भरलेल्या गाडीवर चढून उभी होती. अधिकाऱ्यांनी विचारलं, मुलीला बरोबर का नेत नाही? गयाबाईनं पदर कानामागे खोचला. "साहेब, मी कोयता धरला, माज्या मायनं धरला. माजी पोरगी कोयता धरनार—"

पडदा गेला.

सभागृहातला कचेरीचा संगणकही मेला. "अखंड इंटरनेट" खंडित झालं होतं. घाटात मशीननं आपलं काम केलं होतं. कारकुनानं पेन उचललं. मी उभी राहिले, "थांबायचं ठरलंय!" अधिकारी म्हणाले, "हो, ठरलंय. बसा."

मी बाहेर येऊन नानांना फोन लावला. फोन काकूंनी उचलला, नेहमीसारखा. मी ओरडले, "सगळ्या गावाचं बंद करा म्हणावं, फक्त आमचं चालू ठेवा!" पलीकडून नानांचा आवाज आला, "कुनाचंच बंद करनार न्हाई. दवाखान्यात कोन हाय, परीक्षा कुनाची चालूय, मला हितून दिसत न्हाई. समद्यायचं थोडं थोडं बारीक करतो. शिनेमा बंद पडंल, बोलनं न्हाई पडनार. तू आत जा."

आत गेले. पडदा काळाच होता. मग फिरतं चक्र. मग एकदम ऊन, ऊस, आणि गाडीवर तशीच उभी असलेली गयाबाई. ती जराही बिचकली नव्हती. तिला आधीच सांगितलं होतं की एकदा तुटेल.

"कुटवर ऐकलंत, साहेब?"

अधिकारी म्हणाले, "'माझी पोरगी कोयता धरणार', इथवर."

"न्हाई," गयाबाई म्हणाली. "फुडं 'न्हाई' लिवा. धरनार न्हाई."

वसतिगृह राहिलं. आज तिथं दिवे लागतात ते गयाबाईमुळे आणि तिच्यासारख्या सगळ्या बायांमुळे. आणि अर्ध्यात तुटलेलं तिचं बोलणं पुढे जाऊ शकलं, ते नानांमुळे. गावात मात्र त्या दिवशी नानांना शिव्या पडल्या. क्रिकेटची मॅच अडकत होती ना! साहेबांच्या बंगल्यावरून फोन गेला. काकूंनी उत्तर दिलं, "समद्यायचं स्लो हाय. तुमाला येगळं गाव न्हाई आमच्याकडं."

काकूंबद्दल एक सांगायचं राहिलं. त्या नुसत्या फोन उचलत नसत. नानांनी त्यांना ती खोली हट्टानं शिकवली होती. काकू कुरकुरायच्या, "मला कशाला? माजा सैपाक तुमी करनार का?" आणि नाना म्हणायचे, "समदं माज्याच डोक्यात ठिवलं, तर ती बी एकच लाइन झाली की."

नाना यंदा श्रावणात गेले. छातीत कळ आली, अंबाजोगाईला नेईपर्यंत संपलं. मी माजलगावला होते. श्रद्धांजलीचं पत्रक मीच लिहिलं. त्यात एकही उद्गारचिन्ह टाकलं नाही. छापणाऱ्यानं विचारलं, ताई, बरं आहे ना?

तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी पोचले. ओसरीवर बाया बसलेल्या, कुणी हळू रडत होतं. काकू भिंतीला टेकून होत्या. डोळे सुजलेले. मी जवळ जाऊन बसले, हात हातात घेतला.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "कोन्या रस्त्यानं आलीस?"

"घाटानं."

"खोदायलेत?"

मला आठवलं. वळणावर पिवळी मशीन होती. दरीच्या अंगाला, त्या चरापासून जरा अलीकडं. मी सांगितलं.

काकू उठल्या. पदरानं तोंड पुसलं आणि त्या खोलीत गेल्या. दाराच्या खिळ्यावरची भगवी आणि निळी नळी हलली. आतून टकटक ऐकू आली, थोडाच वेळ. मग त्या परत येऊन भिंतीला टेकल्या आणि मगच मोठ्यानं रडल्या.

संध्याकाळी मी वसतिगृहावर गेले. हंगाम अजून लांब होता, पण काही पोरांचे आईबाप शहरात बांधकामावर गेलेले असतात. ती पोरं फोन घेऊन बसली होती. एक पोरगी आईला विचारत होती, काय जेवलीस. आई दाखवत होती, भाकरी आणि ठेचा. घाटातली तार दुपारीच तुटली होती. तिथं कुणाला काहीच कळलं नाही.